थंडी कंपनीचा थर्मामीटर

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही, ते आपोआप साचतात. बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या, नाले आटले, काष्टीच्या बाजारात जनावरं मिळेल त्या भावाला जायला लागली, पण किश्श्यांचा मात्र आमच्याकडे सुकाळ होता! आणि त्यातल्या बहुतेकांत फजिती माझीच आहे.

अजूनही लग्नात, बारशात कुणीतरी म्हणतं, "गुर्जी, तो गोधडीचा सांगा." मी सांगतो. लोक हसतात, मीही हसतो. घरी येताना मात्र मान खाली जाते, कारण शेवटचा किस्सा मी नेहमी गाळतो. आज गाळणार नाही. पण आधी क्रमानं सांगू द्या.

* * *

मी तेव्हा काष्टीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. संध्याकाळी ज्ञानोबा शिंप्याच्या दुकानात बसायची सवय होती. ज्ञानोबाचं मशीन थांबायचं नाही आणि तोंडही थांबायचं नाही. तिसरे नाना. रेल्वेतून रिटायर झालेले, जगातली प्रत्येक गोष्ट रजिस्टरात चढली पाहिजे या मताचे.

त्र्याहत्तरच्या जानेवारीत थंडीनं कहर केला. आभाळात ढगाचा ठिपका नाही, हवा कोरडी ठाक आणि पहाटे असा कडाका की हात पांघरुणातून बाहेर निघेना. एरवी संक्रांत झाली की थंडी कमी होते, यंदा ती वाढतच चालली. आम्ही तिघांनी ठरवलं की हे मोजायचं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं.

शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर मी आणला. शाळेचा एक फुटका फळा दुकानाबाहेर टांगला. पाळीपाळीनं पहाटे रीडिंग घ्यायचं, नानांनी ते रजिस्टरात चढवायचं आणि संध्याकाळी मी फळ्यावर दोन ओळी लिहायच्या. पहिल्या ओळीत आकडा. दुसरीत "धूर करावा" किंवा "धूर नको".

धुराचं असं की कडाक्याच्या पहाटे दव गोठतं आणि कोवळं पीक करपतं. बांधावर ओलसर पाचट धुमसत ठेवलं की धुराचं पांघरूण पिकावर बसतं आणि पीक वाचतं. पण त्या वर्षी उसाचं वाळकं पाचट हेच जनावरांचं खाणं होतं. म्हणजे आम्ही उगीच "धूर करावा" लिहिलं तर गुरांच्या तोंडचा घास जाळला जायचा, आणि चुकून "धूर नको" लिहिलं तर पीक जायचं. रीडिंग चार अंशांच्या खाली गेलं तरच धूर, हा नियम माझा.

थर्मामीटरची जागाही मीच निवडली. दुकानाची मागची भिंत. सावली होती, छातीइतकी उंची होती, आणि भिंतीपलीकडे हॉटेल असल्यामुळे रीडिंग झालं की लगेच चहा! खिळा ठोकताना मी सावलीचं महत्त्व या विषयावर पाऊण तास बोललो. गावानं आमचं नाव ठेवलं थंडी कंपनी. ऐकून मला बरं वाटलं होतं.

* * *

पहिली फजिती पावसाची. थंडीबरोबर पाऊसही मोजावा म्हणून मी बाटलीवर पत्र्याचं नरसाळं बसवून पर्जन्यमापक केला आणि घराच्या अंगणात ठेवला. पंधरा दिवस त्यात धुळीशिवाय काही पडलं नाही.

एका रविवारी सकाळी बघतो तर बाटलीत बोटभर पाणी! मी तसाच पायजम्यावर पळत सुटलो आणि फळ्यावर लिहिलं, "पाऊस एक सेंटिमीटर." पायाखालची जमीन बघायचं सुचलं नाही.

लोक जमले. एका म्हाताऱ्यानं रस्त्यावरची मूठभर माती उचलली, फुंकून उडवली आणि मला विचारलं, "गुर्जी, ह्यो पाऊस फकस्त तुमच्या बाटलीतच पडला व्हय?"

घरी विचारलं तर बायको म्हणाली, "किती धूळ बसली होती त्या बाटलीवर. घासून, विसळून ठेवली मी. राहिलं असेल थोडं पाणी."

फळा पुसला. पण तोवर काष्टीला पाऊस झाला ही बातमी वाड्यावस्त्यांवर गेली होती. दुपारी एक माणूस चार मैल सायकल मारत आला. त्यानं आभाळाकडे पाहिलं, दुकानात तांब्याभर पाणी मागून प्यायला आणि आल्या वाटेनं परत गेला. हे शेपूट मी लग्नात सांगत नाही.

* * *

आता गोधडीचा. ज्ञानोबाची पाळी होती. तो दुकानातच झोपायचा, त्यामुळे त्याला चार पावलंसुद्धा चालावं लागत नव्हतं. सकाळी त्यानं रीडिंग दिलं, चोवीस!

नानांनी चष्मा पुसला. रात्रीतून चैत्र येऊन गेला काय, असं त्यांनी विचारलं. ज्ञानोबा शपथेवर सांगू लागला की मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, चोवीस म्हणजे चोवीस.

चौकशी करता करता खरं बाहेर आलं. बाहेर बोटं बधिर होत होती, बॅटरी हातात ठरत नव्हती. म्हणून त्यानं थर्मामीटर खिळ्यावरून काढला, आत आणला, गोधडी डोक्यावरून घेतली आणि बॅटरीच्या उजेडात निवांत वाचला.

मी म्हटलं हे रीडिंग खोडा. नाना म्हणाले, रेल्वेत खाडाखोड चालत नाही. त्यांनी आकडा तसाच ठेवला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "गोधडीतील तापमान."

* * *

नानांची स्वतःची पद्धत वेगळीच होती. थंडी उत्तरेकडून येते, म्हणजे ती मनमाडहून सुटते, नगर करते आणि आपल्याकडे येते, असा त्यांचा हिशेब. म्हणून सकाळच्या पॅसेंजरला ते स्टेशनवर हजर राहायचे आणि गार्डाच्या कपड्यांवरून थंडीचा अंदाज बांधायचे. नुसता कोट म्हणजे ठीक. कोटावर मफलर म्हणजे सावध. मफलरवर कानटोपी म्हणजे उद्या धूर.

आम्ही चेष्टा करायचो, पण सात-आठ वेळा त्यांचं बरोबर आलं. मग मीही फळा लिहिताना हळूच विचारायला लागलो, "नाना, आज गार्ड काय म्हणतो?" विज्ञानाचा शिक्षक मी!

एक दिवस नाना धावत आले. गार्ड नुसत्या शर्टावर आहे, थंडी संपली! त्यांनी आनंदानं स्वतःचा स्वेटर ज्ञानोबाकडे उसवायला देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिघंही कुडकुडत होतो.

नाना तडक स्टेशनवर गेले आणि त्यांनी गार्डाला जाब विचारला. तो म्हणाला, "काय सांगू नाना, नगरला माझा कोट चोरीला गेला."

* * *

बर्फाचा किस्सा ज्ञानोबाचा, पण लाज माझी. त्याच्या आजीनं सांगितलं होतं म्हणे, की खरी थंडी ओळखायची तर पितळी ताटात पाणी घालून उकिरड्याकडेला उघड्यावर ठेवावं. त्यानं ठेवलं. सकाळी ताटात पापडाएवढ्या जाडीचा बर्फ!

दोन्ही हातांत ताट धरून तो पेठेतून चालत आला. मागे गर्दी. गोळेवाल्याच्या गाडीवरचा बर्फ सगळ्यांनी पाहिला होता, पण आभाळातून फुकट आलेला कुणी पाहिला नव्हता. प्रत्येकाला बोट लावून बघायचं होतं. कुणीतरी तलाठ्यांना बोलावणं पाठवलं.

तलाठी आले तोवर ताटात पाणी. ते ताटात बोट बुडवून म्हणाले, "पाणी आहे असं मी लिहू शकतो. बर्फ होता असं तुम्ही लिहून द्या."

सगळे हसले. नाना तेवढे हसले नाहीत. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि शांतपणे विचारलं, "मास्तर, आपला थर्मामीटर आज सहा दाखवतोय. पाणी शून्याला गोठतं, असं तुम्हीच शिकवता ना?"

पन्नास माणसं उभी होती. मी खाकरलो. पितळ हा धातू, तो लवकर गार होतो, उकिरड्यातून वायू निघतात, शिवाय ताट उथळ, असं मी बोलत गेलो. लोकांनी माना डोलावल्या. मी काय बोललो ते कुणालाच कळलं नव्हतं, मलासुद्धा नाही. काहीतरी चुकतंय हे मला त्याच वेळी जाणवलं होतं. मी ते स्वतःला नीट कळू दिलं नाही, इतकंच.

* * *

आता जो किस्सा मी गाळतो तो.

आमच्या फळ्याची सगळ्यात नेमानं वाट बघणारं माणूस म्हणजे हौसाबाई. नवरा लवकर गेलेला, नदीच्या बाजूला थोडी जमीन, एक गाय. तिनं लिंबाची रोपं केली होती, पाच-सहाशे असतील. पावसाळ्यात लोक लिंबाच्या बागा लावतात तेव्हा ती विकायची, असा तिचा बेत. पण पावसाळ्यापर्यंत ती जगवायची कशी? नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून झरा काढायचा, वाटीनं घागर भरायची, डोक्यावरून आणायची आणि रोपाला तांब्या-तांब्या पाणी घालायचं. आख्खा हिवाळा तिनं हे केलं होतं.

तिला वाचता यायचं नाही. रोज संध्याकाळी ती फळ्यापाशी यायची आणि मला एकच विचारायची, "गुर्जी, आज धूर करू का पाचट गाईला घालू?"

मी आकडा सांगायचो. सहा. सात. साडेपाच. धूर नको.

"मंग गाय जेवली आज," असं म्हणून ती जायची.

एका संध्याकाळी ती जाता जाता थांबली. म्हणाली, "गुर्जी, तुमचं यंत्र त्या भितीला कशापायी लावलंय? तितं टेकलं की लई ऊब लागती. म्हातारी मानसं पहाटंपास्नं तितंच बसत्यात की."

आणि खरंच बसायची! रोज पहाटे चार-पाच म्हातारे त्या भिंतीला पाठ लावून बसलेले असायचे. त्यांना सरकायला सांगून आम्ही थर्मामीटर वाचायचो. नाना, ज्ञानोबा, मी, तिघांनीही हे महिनाभर पाहिलं होतं. त्यांच्या डोक्यावर थंडी मोजत होतो आम्ही!

मी तिला म्हणालो, "हौसाबाई, शास्त्रात पाठ टेकवून थंडी मोजत नसतात." दुकानातले सगळे हसले. तीही पदर तोंडाला लावून हसली आणि गेली.

* * *

पुण्याला हवामान खात्यात असलेला माझा एक जुना वर्गमित्र होता. बर्फाबद्दलचं माझं पांडित्य त्याला लांबलचक पत्रानं कळवलं होतं. त्याचं पोस्टकार्ड आलं ते एका बुधवारी. चारच ओळी होत्या. पितळाचा वगैरे काही संबंध नाही. थर्मामीटर भिंतीला असेल तर भिंतीपलीकडे चूल किंवा भट्टी आहे का ते पाहा. उघड्यावर खांबाला लावून पुन्हा वाचा.

मी तसाच दुकानामागे गेलो आणि भिंतीला तळहात लावला. हॉटेलची भट्टी पहाटे चारला पेटते हे मला ठाऊक होतं. रोज त्याच भट्टीवरचा चहा मी पीत होतो. म्हणजे महिनाभर आम्ही गावाला भट्टीचं तापमान सांगत होतो. उघड्यावर चार-पाच अंश तरी कमी असणार.

तेव्हाच नानांना, ज्ञानोबाला हाक मारायला हवी होती. त्या संध्याकाळी फळ्यावर "धूर करावा" लिहायला हवं होतं. पण आकडा सहा आणि खाली धूर, असं का, हे कुणीतरी विचारणार होतं. मग मी ठरवलं की शनिवारी सांगावं. शनिवारी बाजार असतो, दुकानात पंधरा-वीस माणसं बसतात. भट्टी, म्हातारे, पाऊण तासाचं माझं भाषण, असं सगळं रंगवून सांगितलं की लोक हसतील आणि हसण्यात माझी चूक वाहून जाईल. थोडक्यात, मला त्याचा किस्सा करायचा होता. तो नीट जमावा म्हणून मी कार्ड खिशात ठेवलं.

बुधवारी फळ्यावर लिहिलं, धूर नको. हौसाबाई आली, तिलाही तेच सांगितलं. गुरुवारीही तेच. गाय दोन्ही दिवस जेवली.

शुक्रवारी उजाडताच ज्ञानोबा सांगत आला की नदीकडची रोपं गेली.

मी गेलो. वाफे काळे पडले होते. पानं कढत पाणी ओतल्यासारखी लोंबत होती. हौसाबाई खाली बसून एकेक रोप उपटत होती आणि बाजूला रचत होती, जणू विकायलाच न्यायची आहेत. मी खिशातलं कार्ड काढलं. तिला वाचता येत नाही हे विसरून तिच्यापुढे धरलं. मग सगळं सांगितलं, भिंत, भट्टी, सगळं.

तिनं विचारलं, "कारड कवा आलं?"

"बुधवारी."

तिनं हातातल्या रोपाच्या मुळांची माती झटकली. मग म्हणाली, "बुधवारी मी इचारलं हुतं तुमाला."

मी हो म्हटलं. तिनं शिव्या द्याव्यात असं वाटत होतं. निदान जाऊ द्या म्हणावं असंही वाटत होतं. तिनं दोन्ही केलं नाही.

निघालो तेव्हा तिनं हाक मारली. "गुर्जी, ह्यं गावात सांगू नका. फळ्यावरचा इस्वास उडाला तर उद्या कुनी धूर करायचं न्हाई."

आणि मी ऐकलं. इतक्या आज्ञाधारकपणे मी आयुष्यात कुणाचं काही ऐकलेलं नाही! त्याच दुपारी थर्मामीटर शाळेच्या मैदानात उघड्यावर खांबाला लावला. ज्ञानोबानं कारण विचारलं तर म्हणालो, भिंतीचा गिलावा सुटलाय. संध्याकाळी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "धूर करावा." नाना त्या दिवशी सकाळच्याच गाडीनं केडगावला लेकीकडे गेले होते. नदीच्या बाजूला हौसाबाईच्या जमिनीला लागून खालच्या अंगाला त्यांचा हरभरा होता, फुलावर आलेला, आणि तिथं धूर करायला कुणी नव्हतं. हे मला शनिवारी पहाटे आठवलं.

पाळी माझीच होती. खांबावरचा थर्मामीटर दीड अंश दाखवत होता. तो तसाच सोडून मी नदीकडे निघालो. उजाडत होतं. बऱ्याच मळ्यांवर धूर उतरला होता. फळा लोकांनी वाचला होता, मानला होता.

हौसाबाईच्या मोकळ्या वाफ्यांवरही धूर होता. तीन ढीग धुमसत होते आणि ती काठीनं त्यांची तोंडं सारखी करत होती. बांधाला गाय उभी होती, पुढ्यात पाचटाची एक पेंढी.

मी म्हणालो, "हौसाबाई, इथं आता काय राखताय?"

तिनं वर पाहिलं नाही. "वारं खाली नानांच्या हरभऱ्याकडं हाय," म्हणाली, आणि गाईपुढची पेंढी उचलून तिनं ढिगावर टाकली.